नीलमणी (ब्लॅक-नेप्ड मोनार्क): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की कर्नाळा, फणसाड, येऊर, बोंडला अशा रानांत फिरणारी मंडळी वाढतात आणि या छोट्या निळ्या पक्ष्याबद्दल तेच तेच प्रश्न यायला लागतात. म्हणून सगळं एकाच जागी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीयत, पण तिथे सांगण्यासारखं होतंच तेवढं.

नीलमणी म्हणजे नक्की कोणता पक्षी?

इंग्रजी नाव ब्लॅक-नेप्ड मोनार्क, शास्त्रीय नाव हायपोथायमिस अझुरिया. जुन्या पुस्तकांत हाच ब्लॅक-नेप्ड फ्लायकॅचर म्हणून सापडतो, त्यामुळे आजोबांच्या काळातलं पुस्तक असेल तर तिथे मोनार्क शोधत बसू नका. शेपटी धरून साधारण १६ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीएवढाच, पण अंगाने बराच सडपातळ, शेपूट लांब आणि वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम. सखल भागातल्या उष्ण, दमट, सावलीच्या जंगलातला पक्षी आहे. तो उघड्या माळावर दिसणार नाही, आणि तारेवर बसलेलाही दिसणार नाही.

नर आणि मादी कसे ओळखायचे?

नर सोपा आहे. डोकं, पाठ, छाती सगळं स्वच्छ आकाशी निळं आणि पोट खाली पांढरं होत जातं. मानेच्या मागे वरच्या बाजूला काळा मखमली ठिपका असतो, गळ्याखाली आडवी बारीक काळी रेघ असते आणि चोचीच्या बुडाशी थोडं काळं. दुर्बिणीतून समोरून दिसला तर आधी ती गळ्यावरची रेघ बघा, कारण मानेचा ठिपका तो पाठ वळवतो तेव्हाच दिसतो.

मादीचं डोकं निळसर असतं, पण पाठ आणि पंख राखाडी-तपकिरी, आणि काळा ठिपका नाही, रेघ नाही. नवीन लोक मादीला "कुठलातरी तपकिरी फ्लायकॅचर" म्हणून सोडून देतात. तसं करू नका, डोक्यावरचा निळा रंग शोधा. दाट सावलीत तो राखाडीच वाटतो, जरा उजेडात आली की कळतं. आणि नर दिसला असेल तर जरा थांबा, मादी बऱ्याचदा जवळपासच्याच झुडपात असते.

मग हा फ्लायकॅचर आहे की नाही?

माशा, किडे हवेत पकडतो म्हणून कामाने फ्लायकॅचर, पण कुळाने वेगळा. टिकेल्स ब्लू फ्लायकॅचर ज्या कुळातला आहे त्यात आपला दयाळसुद्धा येतो. नीलमणी मात्र मोनार्क कुळातला, म्हणजे त्याचा आपल्याकडचा जवळचा नातेवाईक लांब शेपटीवाला स्वर्गीय नर्तक, आणि जरा दूरचे म्हणाल तर कोतवाल, खाटीक आणि चक्क कावळेसुद्धा. दिसायला टिकेल्ससारखा आणि नात्याने कावळ्याकडचा, हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, पण तसंच आहे. स्वर्गीय नर्तकाचा आणि याचा साधा आवाज ऐकलात तर नातं लगेच पटेल, दोघांची ती कर्कश हाक फार जवळची आहे.

नीलमणीला शास्त्रीय नाव मिळालं १७८३ मध्ये. पीटर बोडार्ट नावाच्या डच निसर्गअभ्यासकाने फ्रेंच चित्रसंग्रहातल्या पक्ष्यांना शास्त्रीय नावं दिली त्यात हाही होता, आणि तो नमुना फिलिपिन्सचा होता.

टिकेल्स ब्लू, व्हर्डिटर आणि हा, तिन्ही निळे. गोंधळ होतो, काय करू?

टिकेल्सच्या छातीवर नारिंगी रंग असतो, हे एक लक्षात ठेवलं की निम्मा गोंधळ संपला. शिवाय टिकेल्स एका फांदीवर ताठ बसून राहतो, मधूनच उडी मारून किडा पकडतो, परत येऊन बसतो आणि बसल्या बसल्या छान गातो. नीलमणीला एका जागी बसणं माहीतच नाही.

व्हर्डिटर हिवाळी पाहुणा, अंगभर एकसारखा हिरवट-निळा, पोटसुद्धा तसंच, आणि तो झाडाच्या शेंड्यावर, उघड्या फांदीवर, उन्हात बसायला येतो. नीलमणी शेंड्यावर बसलेला मी तरी बघितलेला नाही, तो डोक्याच्या थोडा वर-खाली, वेलींच्या गुंत्यात. दक्षिण कोकण आणि गोव्याकडे अजून एक व्हाइट-बेलीड ब्लू फ्लायकॅचर भेटतो, तो गडद शाई-निळा आणि बराच शांत. त्याच्या आणि याच्या निळ्यात फरक इतका आहे की दोन्ही एकदा बघितले की परत विचारावं लागत नाही.

कुठे जाऊ म्हणजे दिसेल?

मुंबई-ठाण्याच्या लोकांना तर घराजवळ आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिलोंढ्याच्या वाटेवर, येऊरला, तुंगारेश्वरला ओढ्याकाठी बघा. पनवेलपुढे कर्नाळा, जे १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य झालं, तिथे खालच्या सपाटीच्या वाटा सोडून किल्ल्याकडे धावू नका, हा पक्षी खालीच आहे. रायगडात मुरूडजवळचं फणसाड माझं सगळ्यात आवडतं. तिथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात, चिखलगाण, धरणगाण वगैरे, आणि उन्हाळ्यात गाणाजवळ आडोशाला शांत बसलात तर पक्षी स्वतःहून येतात.

खाली सिंधुदुर्गात तिलारी, दोडामार्गचा पट्टा, गोव्यात बोंडला, मोले, खोतीगाव, इथे तर हा नेहमीचा आहे. पुण्याच्या मंडळींना हिवाळ्यात सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत मिळू शकतो, पण तिथे रोज असेल असं धरून जाऊ नका.

वर्षभर असतो का? कोणता महिना चांगला?

स्थलांतर करून दूर जाणारा नाही, आपल्या जंगलातच राहतो. पण हिवाळ्यात थोडे पांगतात, मग आमराई, जुन्या वाड्या, नदीकाठची झाडी इथेही एखादा दिसतो. बघायला सोपा काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण तेव्हा पक्ष्यांचे मिश्र थवे फिरत असतात आणि त्यात हा हमखास असतो. मार्च-एप्रिल-मे मध्ये पाणवठा गाठा. सकाळी सात ते दहा, आणि उन्हाळ्यात दुपारी चारनंतर.

पाणवठ्यावरचं दृश्य एकदा बघाच. उन्हाळ्यात गाणातलं पाणी आटून मधोमध डबकं राहतं, वर जांभळाची एखादी फांदी वाकलेली असते, आणि नर त्या फांदीवरून सरळ पाण्यात सूर मारतो, छातीपर्यंत भिजतो न भिजतो तोच परत वर. मग पिसं झाडतो, पुन्हा सूर. काठावर उतरून बुलबुल जशी पंख फडफडवत सावकाश आंघोळ करतात तसं नाही. भिजल्यावर त्याचं निळं जवळजवळ काळपट दिसतं आणि पाच-सात मिनिटांत वाळला की पुन्हा लखलखीत.

आवाज कसा असतो? अॅपवर ओळखता येतो का?

दोन आवाज लक्षात ठेवा. एक नेहमीची हाक, "च्वीच... च्वीच-च्वीच", घासल्यासारखी, जरा रागावलेली वाटते. दुसरं गाणं, तेही साधंच, "प्वी-प्वी-प्वी-प्वी-प्वी" असं एकाच सुरात भरभर, घंटीसारखं खणखणीत. मार्चपासून हे दुसरं जास्त ऐकू येतं.

पक्ष्यांचे आवाज ओळखणारं मर्लिन अॅप मदत करतं, पण हाक ऐकून ते कधीकधी स्वर्गीय नर्तकाचं नाव दाखवतं किंवा उलट. म्हणून अॅपने नाव दाखवलं की लगेच ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या ऑनलाइन यादीत, टिक करू नका, आवाजाच्या दिशेने बघा, पक्षी डोळ्यांनी दिसला की मगच नोंद करा. चुकीची नोंद एकदा यादीत गेली की ती पुढच्या माणसाला चुकीच्या जागी पाठवते.

एवढा निळा पक्षी, मग जंगलात दिसत का नाही?

कारण हा निळा रंग मुळात रंगद्रव्याचा नाहीच. पिसांच्या आत केराटिनची अतिसूक्ष्म जाळीदार रचना असते, तिच्यावर उजेड पडला की निळा प्रकाश तेवढा परत फिरतो, आणि खालचं गडद मेलॅनिन बाकीचा उजेड पिऊन टाकतं. म्हणजे उजेड असेल तर निळा. दाट सावलीत उजेडच कमी, त्यामुळे तो राखाडी सावलीसारखा इकडून तिकडे जातो आणि एखाद्या कवडशात शिरला की एकदम पेटतो. माझ्यासोबत आलेली लोकं तो अर्धा सेकंद बघून "अरे!" म्हणतात आणि तोवर तो गेलेला असतो.

म्हणून रंग शोधू नका, हालचाल शोधा. माणसाच्या उंचीपासून पंधरा-वीस फुटांपर्यंतच्या पट्ट्यात नजर ठेवा आणि जिथे पान उगाच हललं तिथे दुर्बीण लावा.

खातो काय? चोचीजवळ केस कसले?

किडे आणि फक्त किडे. माश्या, छोटे पतंग, भुंगेरे, नाकतोडे, सुरवंट, कोळी. काही हवेत झेप घेऊन पकडतो, पण बरेचसे पानाच्या खालच्या बाजूने, फांदीवरून टिपतो. शेपूट थोडी पसरून, अंग हलवत पुढे सरकतो, बसलेले किडे त्यामुळे उठतात आणि मग सापडतात. किडा मोठा असला तर फांदीवर आपटून मऊ करतो आणि मग गिळतो.

चोच बुडाशी रुंद आणि चपटी, बाजूला ताठ केस. हे केस म्हणजे किडे अडकवायचं जाळं, असं पूर्वी सर्रास सांगायचे, अजूनही काही गाईड सांगतात. तपासणीत ते टिकलं नाही, झटापटीत किड्याचे पाय-पंख लागू नयेत म्हणून डोळ्यांना संरक्षण, हा उपयोग जास्त पटणारा आहे.

आणि हो, चिडला किंवा सावध झाला की मानेवरचा तो काळा ठिपका उभा राहतो. पिसं ताठ होऊन डोक्याच्या मागे छोटासा कोपरा तयार होतो, डोकं एकदम त्रिकोणी दिसतं. हे दिसलं तर समजा की त्याने तुम्हाला किंवा आसपासच्या शिक्र्याला (छोटा शिकारी पक्षी) बघितलंय, आणि तुमच्यामुळे असेल तर दोन पावलं मागे व्हा.

हा नेहमी दुसऱ्या पक्ष्यांबरोबरच का दिसतो?

हिवाळ्यात आपल्या सखल जंगलात एक गंमत चालते. अर्धा तास सगळं चिडीचूप, आणि मग अचानक दहा प्रकारचे पक्षी एकदम. निखार वरच्या फांद्यांत, सुभग मधे, नाचण आणि नीलमणी खाली, सातभाई जातीतले छोटे तपकिरी बॅबलर झुडपात, आणि भृंगराज या सगळ्यांच्या मागेपुढे. प्रत्येकाचा मजला वेगळा, शोधायची पद्धत वेगळी, त्यामुळे भांडणं कमी. एकाने पानं हलवली की उडालेला किडा दुसऱ्याला. आणि डोळे जास्त असल्यामुळे शिक्रा लवकर दिसतो, भृंगराज तर ओरडून सगळ्यांना सावध करतो, तो कधी खोटं ओरडून दुसऱ्याचा घासही पळवतो ते वेगळं.

हे माहीत असल्याचा फायदा असा की रानात निखार किंवा भृंगराजाचा आवाज आला की थांबायचं, नजर खाली आणायची, आणि नीलमणीची वाट बघायची. थव्यामागे पळू नका, त्यांची दिशा बघून पुढे जाऊन गप्प उभे राहा, थवा तुमच्या अंगावरून जातो.

घरटं कसं असतं?

मार्च ते ऑगस्ट विणीचा काळ, आपल्याकडे पावसाच्या आगेमागे जोर जास्त. एखाद्या झुडपाच्या किंवा लहान झाडाच्या दुबेळक्यात वाटीसारखं घरटं, आणि बऱ्याचदा हाताने पोचेल इतकं खाली. बांधायचं काम मादीचं. ती गवताच्या काड्या, सालीचे धागे आणते, कोळिष्टक आणून त्यावर लपेटते, आणि छातीने आतून दाबत गोल फिरते म्हणजे वाटी गोल होते. बाहेरून कोळ्यांच्या अंड्यांच्या पांढऱ्या पिशव्या चिकटवते, त्यामुळे घरटं सालीवरच्या पांढुरक्या शेवाळाच्या डागासारखंच दिसतं आणि समोर असून ओळखू येत नाही. नर तेवढा वेळ जवळ राहून तिच्या मागे मागे फिरतो, राखण करतो.

अंडी साधारण तीन, फिकट मलईरंगी आणि त्यावर लालसर ठिपके. पिल्लांना दोघंही भरवतात.

घरट्याचा फोटो काढला तर चालेल का? आवाज लावून बोलावलं तर?

नाही, दोन्ही नको. मनापासून सांगतोय.

घरटं सापडलं तर लांबून दुर्बिणीतून एक मिनिट बघा आणि निघा. इतक्या खाली, उघड्या वाटीसारख्या घरट्याची सगळी सुरक्षितता लपण्यात आहे. फोटोला मधे येणारी दोन पानं कोणीतरी मोडतं, रोज चार लोकं तिथे उभी राहतात, वाट पडते, आणि ते सगळं घरटी लुटणारा टकाचोर पक्षी बघत असतो, झाडावरचे सापही त्याच रानात असतात. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं. असं मोकळं पडलेलं घरटं बघितलंय, फांद्या कात्रीने कापलेल्या होत्या, अजूनही राग येतो. लोकेशन ग्रुपवर टाकू नका, मित्रालासुद्धा पाठवू नका.

प्लेबॅक, म्हणजे फोनवर त्याचाच आवाज, लावला की नर सगळं सोडून नसलेल्या शत्रूला हाकलायला येतो, तेवढ्यात मादी आणि घरटं एकटं. कर्नाळ्यासारख्या ठिकाणी तर एकाच नराला सकाळभर दहा फोनवरून तेच ऐकावं लागतं. फोटो पाहिजे तर पाणवठ्यावर वेळ द्या, कॅमेऱ्याचा आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारी सेटिंग) बिनधास्त वाढवा, फ्लॅश बंद ठेवा. थोडा दाणेदार फोटो आला तरी काही बिघडत नाही.

हा पक्षी धोक्यात आहे का?

जागतिक पातळीवर नाही, धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत तो "चिंता नाही" या गटात आहे, कारण भारतापासून फिलिपिन्सपर्यंत पसरलेला आहे. पण "धोक्यात नाही" ऐकून लोक निश्चिंत होतात आणि नेमकं तिथेच मला बोलायचंय.

नीलमणीला जंगल लागतं म्हणजे नुसती उंच झाडं लागत नाहीत. त्याला झाडांखालचं रान लागतं. दिंडा, करवंदाच्या जाळ्या, कुड्याची पोरं, आंजणी, लटकलेल्या वेली, खाली पाचोळा आणि ओल. आणि आपल्याकडे सगळ्यात आधी जातं ते हेच, कारण आपल्या डोळ्यांना तो कचरा वाटतो. काजूची बाग केली की दरवर्षी खाली बेणणी. पर्यटनाला जागा दिली की आधी "साफसफाई". देवराईतलं देऊळ नवं केलं की भोवती फरशी, लाद्या, चारही बाजूंनी मोकळं, मोठी झाडं तेवढी राखलेली. येणारा माणूस म्हणतो वा, काय झाडी आहे. झाडी आहे, पण नीलमणी, नाचण, पिट्टा, जमिनीजवळचे सगळे गेलेले असतात.

त्यात फेब्रुवारी-मार्चचे वणवे. पाचोळा जळतो, झुडपं करपतात, मोठं झाड काळं बूड घेऊन उभं राहतं आणि नुकसान झालेलं कुणाच्या लक्षातही येत नाही, पण एप्रिलमध्ये घरटं बांधायला दुबेळकं कुठून आणणार? कोकणात बरंचसं जंगल खाजगी मालकीचं, सरपणासाठी ठरावीक वर्षांनी सरसकट तोडलं जातं. दोडामार्गकडे रबर आणि अननसाखाली बरंच रान गेलं. तिलारीचा काही भाग २०२० मध्ये संवर्धन राखीव झाला, हे खरंच चांगलं झालं, पण पक्ष्याला सातबारा कळत नाही, तो राखीवच्या बाहेरच्या ओढ्यातही राहतोच.

शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे आणि मला तसं म्हणायचंही नाही, बेणणी केली नाही तर काजू वेचणार कसा, साप दिसणार कसा. पण बागेच्या कडेने, ओढ्याच्या दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा फूट पट्टा न तोडता ठेवला तर तेवढ्यातही पक्षी टिकतात, आणि ओढ्याची मातीही टिकते. देवराईच्या मीटिंगमध्ये कोणी "जरा साफ करून घेऊ" म्हणालं तर तेव्हा उठून बोला. नंतर फेसबुकवर हळहळून काही परत येत नाही, करवंदाची जाळी परत तशी दाट व्हायला वर्षं जातात.

आमच्या बागेत येईल का?

जंगलाला लागून घर असेल तर नक्की शक्यता आहे. दाणे ठेवू नका, तो दाणे खात नाही. उथळ भांड्यात पाणी, सावलीत, झुडपाच्या जवळ, आणि रोज बदललेलं. कोपऱ्यात थोडं रान वाढू द्या, पाचोळा जाळू नका, कीटकनाशक बंद, कारण किडे मारले तर तो येऊन खाणार काय? मांजर असेल तर पाणी ठेवूच नका. मोठ्या काचा असतील तर बाहेरून पडदा किंवा जाळी लावा, पक्षी काचेवर आपटून मरतात.

परदेशात राहतो, तिकडे दिसेल का?

थायलंड, मलेशिया, व्हिएतनाम, इंडोनेशिया, फिलिपिन्स, तैवान, सगळीकडे आहे. जागा बदलली की रूप थोडं बदलतं, वीसेक उपजाती मानतात. श्रीलंकेतल्या नराला गळ्यावरची काळी रेघ नसते. अंदमानचा पोटाकडेही निळसर, आणि निकोबारचे परत वेगळे. तेव्हा अंदमानला फिरायला गेलात तर बीचवरून थोडा वेळ काढून जंगलातही जा.

घरी पाळता येतो का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. दिवसभर जिवंत किडे टिपणारा पक्षी पिंजऱ्यात जगतही नाही.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं. काय करू?

आधी बघा त्याला पिसं आलीत का. पिसं आलेली असतील, उड्या मारत असेल, शेपूट आखूड असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. आईबाप जवळच असतात, तुम्ही गेलात की येतात. वाटेत असेल तर उचलून शेजारच्या झुडपात उंच ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, हे खरं नाही, बिनधास्त उचला.

उघडं, पिसं नसलेलं असेल आणि घरटं दिसत असेल तर परत घरट्यात ठेवा. घरटंच पडलं असेल तर ते उचलून त्याच झुडपात सुतळीने बांधा, त्यात पिल्लू ठेवा, आणि लांबून तासभर बघा कोणी भरवायला येतंय का. दूध, भात, पाव काही भरवू नका, पाणी चोचीत ओतू नका, फुप्फुसात जातं. जखमी असेल किंवा कोणीच येत नसेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर ठेवून अंधारात, शांत ठेवा आणि महाराष्ट्रात असाल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.